नाताळ फडावर, नाताळ जानेवारीत

मराठवाड्यातल्या पुष्कळ खेड्यांत नाताळाला ख्रिस्ती मंडळी अर्धीच असते. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या वस्त्या रिकाम्या होतात. या टोळ्यांत ख्रिस्ती घरंही असतात. कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. २५ डिसेंबर येतो तो ऐन हंगामात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं. पाळक (पाद्री) एकटा, गावं चार-सहा. शेवटची एसटी गेली की अडकून पडायला होतं, म्हणून मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी सहालाच घ्यावी लागते. एवढं करून मंडळीच्या मनात खंत राहतेच, की आपला नाताळ पुरा झाला नाही. पुरा नाताळ तो शहरातला: उंच झाड, कापसाचं बर्फ, रोषणाई, बाराच्या ठोक्याला घंटा.

ही खंत चुकीच्या मापामुळे आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्याला आपण अपुरा नाताळ म्हणतो तो या सणाच्या मूळ गोष्टीच्या जास्त जवळचा आहे. तो तात्पुरती सोय म्हणून कसाबसा न उरकता मंडळीनं ठरवून, तयारी करून आणि वर्गणीतला मोठा वाटा खर्चून साजरा करावा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काय आहे ते पाहा. सरकारी नावनोंदणीचा हुकूम निघतो, दिवस भरलेल्या बाईला गाव सोडून प्रवासाला निघावं लागतं, उतरायला जागा मिळत नाही, मूल परक्या ठिकाणी जन्मतं आणि बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं जातं. बातमी पहिल्यांदा कळते ती रानात रात्रभर मेंढरं राखणाऱ्यांना. यात झाड नाही, बर्फ नाही, तारीखसुद्धा नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रिकाम्या झालेल्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवलेल्या असतात, शेकोटीभोवती माणसं जागी असतात, रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. आणि दिवस भरत आलेल्या कितीतरी बाया याच महिन्यांत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात असतात. ही गोष्ट समजायला मराठवाड्याच्या माणसाला कोणतीही सजावट लागत नाही.

तारखेचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त घुटमळ तिथेच होते. येशूचा जन्मदिवस बायबलात कुठेही दिलेला नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतात; जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. त्यांचा नाताळ खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. आपल्या परंपरेतही नाताळ एका दिवसात संपत नाही. तो प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत चालतो, आणि भारतातल्या कॅथलिक मंडळीत हा सण २ ते ८ जानेवारीच्या मधल्या रविवारी धरतात. २४ च्या संध्याकाळचा मिस्सा नाताळाचाच मिस्सा असतो. मग पाच गावं सांभाळणाऱ्या पाळकानं २५ ला सकाळपासून मोटारसायकलवर धावत प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांत उपासना का उरकावी? एका गावात २४ ची संध्याकाळ, दुसऱ्यात २५ ची सकाळ, तिसऱ्यात २६, चौथ्यात त्यानंतरचा रविवार, पाचव्यात प्रकटीकरणाचा रविवार. दरवर्षी ही पाळी एकेका गावानं पुढे सरकवली की पाच वर्षांत प्रत्येक गावाला २५ डिसेंबर मिळतो आणि कुणी कायमचं शेवटी राहत नाही. पाळी आधी कागदावर लिहून देवळात (चर्चमध्ये) लावायला हवी. ऐनवेळी ठरलं तर तालुक्याजवळच्या गावाला दरवर्षी २५ मिळतो आणि आडबाजूच्या वस्तीला जानेवारी.

जानेवारीत गेलेल्या गावाचं नुकसान होत नाही, हेही सांगायला हवं. २५ डिसेंबरला रब्बी ज्वारीचं कणीस बहुतेक ठिकाणी अजून कोवळं असतं. लवकर पेरलेली ज्वारी सोडली तर हुरडा भरतो तो जानेवारीतच. आगटीवर भाजलेला हुरडा, तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, बोरं, पेरू, एवढ्यावर सगळी मंडळी रानात जेवू शकते आणि खर्च जवळपास शून्य. हुरडा मात्र कणसाचा दाणा दुधाळ आणि हिरवा असतानाच निघतो. चार-आठ दिवस उशीर झाला की दाणा पिठाळ होतो. म्हणून तारीख धरण्याआधी ज्याच्या रानात जायचं त्याला पीक विचारून घ्यावं.

आता सजावट. तालुक्याच्या बाजारात डिसेंबरात प्लास्टिकची झाडं मिळतात आणि गरीब मंडळीसुद्धा वर्गणीचा मोठा भाग त्यावर घालते. मग पांढरेपणासाठी वरून दुकानातल्या कापसाचे बोळे चिकटवते. हे त्या जिल्ह्यांत, जिथे डिसेंबरात रानोरान कापूस उभा असतो! झाड लावण्याची चाल मूळची जर्मन मुलुखातली; तिथल्या लोकांनी त्यांच्या जंगलात जे होतं ते घरात आणलं. आपल्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड आहे. शेवटची वेचणी होत आलेल्या रानातून चार-पाच फुटी, फांद्या चौफेर पसरलेली पऱ्हाटी मुळासकट उपटावी. मुळाचा खुंट घमेल्यात दगड रचून आणि ओली माती ठासून घट्ट बसवता येतो. नुसती खोडापासून कापलेली पऱ्हाटी वरच्या भारानं कलंडते. वाळलेली पानं झटकून टाकावीत, नाहीतर दोन दिवस त्यांचा चुरा जमिनीवर पडत राहतो. उमललेली पंधरा-वीस बोंडं कापसासकट तशीच ठेवावीत. न उमललेली हिरवी किंवा किडकी बोंडं मात्र तोडून जाळावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच दडलेली असते. याच कारणासाठी हंगाम संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचून ठेवू नयेत, असं कृषी विभाग सांगत असतो. तेव्हा हे झाडही सण संपताच चुलीत जायला हवं. पऱ्हाटी तशीही आपल्याकडची सरपणाची चीज आहे. आणि मेणबत्ती त्याच्या जवळपाससुद्धा नको. सुटा कापूस क्षणात पेट घेतो. एलईडीची माळ चालते, पण वायरीचे उघडे जोड कापसात गुंतलेले नसावेत.

चांदणीसाठी आकाशकंदिलाचंच कसब लागतं आणि ते आपल्या पोरांना दिवाळीपासून येत असतं. बांबूच्या दोन फुटी दहा कामट्या आणि पाच इंची पाच कामट्या घ्याव्यात. पाच लांब कामट्या एकमेकींखालून-वरून ओवून पाच टोकांची चांदणी बांधायची, तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून आधी फक्त पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची. मग मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत आखूड कामट्या उभ्या खोचायच्या, म्हणजे चांदणीला पोट येतं. क्रम उलटा केला तर टोकं जुळत नाहीत. आखूड कामटी सहा-सात इंचांची घेतली तर लांब कामट्या टोकाशी चिरतात, म्हणून कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवाव्यात. डिसेंबरात पहाटे दहिवर पडतं आणि पतंगाचा कागद दुसऱ्याच दिवशी सैल पडून फाटतो. बाहेर टांगायच्या चांदणीला जुन्या धोतराचा पातळ कपडा खळ लावून ताणून बसवावा. उंदीर आणि झुरळं खळीला लागतात. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की लागत नाहीत, पण ते विषारी आहे. खळ मोठ्यांनीच कालवावी आणि हात धुवावेत. मागच्या बाजूचा एक तुकडा न चिकटवता झडपेसारखा ठेवला की बल्ब बदलता येतो.

गव्हाणीचं तर काय सांगावं. दुकानातला पुठ्ठ्याचा गोठा विकत आणणाऱ्या घरामागे खरा गोठा असतो. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असीसीच्या फ्रान्सिसनं खराखुरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळाची उपासना केली. घरोघरच्या देखाव्यांना तिथून मोठा जोर मिळाला. म्हणजे आज आपण ज्याची प्लास्टिकची नक्कल विकत घेतो, त्यामागे एका खेड्यातला साधा गोठाच होता. लूकच्या अध्यायात बैल आणि गाढव नाहीतच. ते आले जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथातून, जिथे बैल धन्याला ओळखतो आणि गाढवाला धन्याची गव्हाण कळते असं सुरुवातीलाच म्हटलं आहे. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल घरोघर येतात. ते जपून ठेवले तर डिसेंबरात देखाव्यात बसतात. कुंभाराला त्याच वेळी सांगितलं तर मेंढरू आणि गाढवही करून मिळतं. पोळ्यानंतर तो ही कामं आवरून दिवाळीच्या पणत्यांना लागतो, म्हणून सांगायचं ते पोळ्यालाच.

खऱ्या गोठ्यात उपासना घ्यायची असेल तर थोडी काळजी लागते. जनावरं माणसांच्या गर्दीला तितकी बुजत नाहीत जितकी ढोलकी आणि एकदम लागलेल्या दिव्यांना बुजतात. एक-दोन शांत, म्हाताऱ्या जनावरांना दुहेरी दाव्यानं बांधावं, बाकीची आदल्या संध्याकाळीच दुसरीकडे हलवावीत, आणि पोरांना सहा फुटांच्या आत जाऊ देऊ नये. खाली सोयाबीनचं भुसकट पसरलं तर बसायला मऊ पडतं, पण ते टोचतं आणि धूळ उडते. वर गोणपाट हवं. दमेकरी म्हाताऱ्यांना दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसवावं.

खाण्याच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती घरांनी हा निर्णय फार पूर्वीच घेतला आहे. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, लाडू, अनारसे हा नाताळाचा फराळ पिढ्यान् पिढ्यांचा आहे आणि तो कुणाला परका वाटत नाही. केक हवाच असेल तर ओव्हनही लागत नाही. दोन वाट्या बारीक रवा, सव्वा वाटी साखर, एक वाटी दही, एक वाटी दूध, पाऊण वाटी तेल, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. त्याआधी भाजायला घेतला तर केक आत कचकच लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडीचं मीठ पसरून, वर वाटी उपडी घालून, झाकण लावून दहा मिनिटं तापवावं. मग मिश्रणात एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओतावं आणि ते भांडं पातेल्यातल्या वाटीवर ठेवून, झाकण लावून मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं ठेवावं. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, वाफ गेली की मधला भाग बसतो. चुलीवर करताना जाळ काढून फक्त निखाऱ्यांवर ठेवावं, नाहीतर खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो.

गाण्यांबद्दल थोडक्यात. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी ख्रिस्ती भजनं देऊन ठेवली आणि कीर्तनाची वाटही दाखवली. ढोलकी, पेटी, टाळ एवढ्यावर घरोघरची फेरी उत्तम होते. भाड्याचा मोठा स्पीकर खर्चिक, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्यानं मनाई आहे. सणांच्या काही दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण कोणते दिवस ते त्या वर्षीच्या आदेशात पाहूनच ठरवावं; २५ ला सवलत आहे म्हणून २४ च्या रात्री ती असेलच असं नाही.

या सगळ्यातून जे पैसे वाचतात ते कुठे जावेत, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. ते फडावर गेले पाहिजेत.

मंडळीतली अर्धी माणसं जिथे आहेत तिथे नाताळ गेला नाही तर तो त्या मंडळीचा नाताळ कसा? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, अंगावर घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे त्याच उचलीच्या हिशेबात चढतात. अशा माणसाला सणाला गावी या म्हणणं म्हणजे कर्जात भर घाला म्हणणं आहे. तेव्हा उपासना तळावर न्यायला हवी, आणि तिथल्या वेळेनं. पहाटे तीन-चारला उठलेली माणसं दिवसभर तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी आली की रात्रीसुद्धा भरतात. ठरलेला तास पाळता येत नाही. म्हणून कार्यक्रम पाऊण तासापेक्षा मोठा नको: एक भजन, लूकमधला तो उतारा, प्रार्थना, जेवण. कारखान्याचं गाळप साफसफाईसाठी किंवा बिघाडामुळे थांबलं की तोडही थांबते; असा दिवस कळला तर तारीख खुशाल पुढे-मागे करावी. सजावटीला ऊस तोडणाऱ्यांच्या हाताशी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या असतात. चार बांबूंना वाढी बांधली की हिरवीगार कमान होते, आणि दुसऱ्या दिवशी ती बैलांपुढे जाते.

जेवण आयतं न्यावं. शिधा नेऊन वाटला तर दिवसभर राबलेल्या बायांनाच पुन्हा चुलीपुढे बसावं लागतं. वाटेत पाच-सहा तास जाणार असतील तर भात आणि पातळ भाजी टाळावी, झाकून ठेवलेल्या ऊबेत ती आंबते. पन्नास माणसांना आठ किलो कणकेच्या पुऱ्या, तळायला चार लिटर तेल, दीड-दोन किलो शेंगदाण्याची चटणी आणि पाच किलो बुंदी पुरते. कष्टाची माणसं आहेत, घरच्या अंदाजानं नेलं तर कमी पडतं. पुऱ्या निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत. दोन-तीन चार्जिंगचे दिवे न्यावेत, तळावर लाइट असतोच असं नाही.

तळावर एकाच समाजाची माणसं नसतात. शेजारच्या कोपीत (झोपडीत) वंजारी, बंजारा, मराठा, बौद्ध, मुसलमान कुटुंबं असतात. जेवण सगळ्यांना, उपासनेला ज्याची त्याची मर्जी. कुणालाही प्रार्थनेला बसवायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत. मुकादमाला आणि ज्याच्या रानात तळ आहे त्या शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावं. बाहेरून आलेली गाडी आणि ख्रिस्ती कार्यक्रम म्हटलं की आजकाल गैरसमज लवकर पसरतो, आणि त्याचा त्रास गाडी परत गेल्यावर तिथे राहणाऱ्या घरांना होतो.

यावर मंडळीतूनच विरोध येतो आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. म्हातारी माणसं म्हणतात, वर्षातून एक रात्र देऊळ उजळतं तेही तुम्ही काढून घेता. या भूमीत मराठी ख्रिस्ती मंडळी निजामाच्या काळापासून आहेत. जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल गाव एकोणिसाव्या शतकातलं. पिढ्यान् पिढ्या त्या एका रात्रीनं माणसांना मान दिला, हे खरं आहे. म्हणून देऊळ अंधारात ठेवा असं मी म्हणत नाही. दिवे लावा, घंटा वाजवा. फक्त झाड आणि स्पीकर यांचा खर्च फडाच्या गाडीला द्या. दुसरा आक्षेप तरुणांचा. आकाशकंदील, फराळ, पोळ्याचे बैल, मग आपली ओळख काय राहिली? ज्या वस्तूंना ते ख्रिस्ती समजतात त्या बहुतेक युरोपातल्या खेड्यांच्या वस्तू आहेत. ओळख वाचनात आहे, प्रार्थनेत आहे, पंगतीला कोणाला बसवलं त्यात आहे. आणि गावात आईबापांविना राहिलेल्या पोरांसाठी सांताचा लाल झगा पाच मिनिटांचा आनंद देतो हे मान्य. पण त्याच पोरांच्या हातची चांदणी आणि आजीची करंजी फडावरच्या गाडीतून आईपर्यंत पोहोचली तर ती त्यांना जास्त हवीशी असते. जागा असेल तर पोरांनाही गाडीत घ्यावं.

तयारी डिसेंबरात सुरू केली तर यातलं काहीच होत नाही. टोळ्या निघण्याआधी, पोळा आणि दसरा यांच्या मधल्या एखाद्या रविवारी पाळक आणि पंचांनी वही घेऊन बसावं. प्रत्येक कुटुंबापुढे मुकादमाचं नाव, कारखाना कोणता, दोन मोबाइल नंबर, कारण फडावर एक फोन बहुधा बंद असतो. कोणती बाई गरोदर आहे आणि कितवा महिना, हे मंडळीतल्या बायांनी विचारून लिहावं. तिच्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड गेलं आहे याची खात्री करावी आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर घरातल्या पोरांनाही पाठ करवावा. तोड बदलली की तळ हलतो, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन करून ठिकाण विचारावं आणि एकाच भागातले दोन-तीन तळ एका फेरीत धरावेत. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की त्याच वहीतून फडावर जन्मलेल्या बाळांची नावं काढावीत, जन्मदाखला निघाला आहे का ते पाहावं, नसेल तर जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडे किंवा दवाखान्याकडे पाठपुरावा करावा, आणि सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी ठेवावा. ज्यांनी डिसेंबरात नाताळाचा फराळ खाल्ला नाही त्यांच्यासाठी करंज्या त्या रविवारी पुन्हा तळाव्यात.